बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घेताना: नेकची रुंदी आणि जोड्यांमधली जागा कशी मोजावी

फोंड्यात माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्यांपैकी एखाददुसरा विद्यार्थी, सहा तारांवर दोन-तीन वर्षे हात बसल्यावर, बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारकडे वळतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "सर, नेक किती रुंद असावी?" या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते, आणि दुकानातही ते तसेच दिले जाते, पण तो आकडा नेकचे, म्हणजे गिटारीच्या मानेचे, लाकूड किती रुंद आहे एवढेच सांगतो. त्या लाकडावर बारा तारा कुठे कुठे बसवल्या आहेत आणि दोन जोड्यांच्या मध्ये बोटाला किती मोकळी जागा उरली आहे, हे त्यातून कळत नाही, आणि डाव्या हाताचे सगळे सुख-दुःख त्या मोकळ्या जागेवरच ठरते. ती जागा मोजावी कशी, आपल्या बोटाशी तिचा मेळ घालावा कसा आणि कमी पडली तर वाढवून घ्यावी कशी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. वाचकाला सहा तारांची गिटार थोडीफार वाजवता येते, असे मी गृहीत धरतो.

तारांची मांडणी

बारा तारा म्हणजे बारा स्वतंत्र सूर नव्हेत, तर सहा जोड्या. बारीक ई आणि बी या जोड्यांतल्या दोन्ही तारा एकाच सुरात मिळवलेल्या असतात, तर जी, डी, ए आणि जाड ई या चार जोड्यांत एक तार नेहमीची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली असते. पणजीत फादोच्या, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांच्या, मैफिलीला ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांनी पोर्तुगीज गिटार पाहिली असेल. तिलाही सहा जोड्यांत बारा तारा असतात, मात्र तिथे जाड बाजूच्या तीन जोड्या सप्तकाच्या आणि बारीक बाजूच्या तीन एकाच सुराच्या असतात. जोडतारांची कल्पना गोव्यातल्या कानाला परकी नाही, पण त्या वाद्याचा हात इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण तिच्या तारा मिळवण्याची रीतही वेगळी आणि वाजवण्याची पद्धतही वेगळी.

तारांच्या जाडीकडे आधी लक्ष द्यावे, कारण पुढचे सगळे मोजमाप तिच्याशी जोडलेले आहे. इलेक्ट्रिक बारा तारांसाठी सर्रास मिळणाऱ्या हलक्या संचात बारीक ई ०.०१० इंचाची आणि जाड ई ०.०४६ इंचाची असते. जाड ईच्या शेजारची सप्तकाची तार ०.०२६ इंचाची. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर १.१७ मिमी जाडीच्या तारेला लागून ०.६६ मिमीची तार उभी असते आणि एकाच बोटाने दोन्ही सारख्या दाबायच्या असतात. सगळ्यांत नाजूक तार जीच्या जोडीतली: केवळ ०.००८ इंचाची. ती ३९२ हर्ट्झला मिळवली जाते, म्हणजे ३३० हर्ट्झच्या पहिल्या ईपेक्षाही तिचा सूर चढा असतो, आणि तुटते तीही सर्वांत आधी.

जोडीतला क्रमही पाहून ठेवावा. बहुतेक गिटारींत सप्तकाची बारीक तार वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडच्या बाजूला असते, त्यामुळे पिक खाली येताना आधी तिला लागते. रिकनबॅकर या अमेरिकी कंपनीच्या गिटारींत हा क्रम उलटा असून आधी जाड तार लागते. नादात यामुळे ऐकू येण्याइतका फरक पडतो.

बाजारातले आकडे

नेकची रुंदी नटपाशी मोजतात. तारा खुंट्यांकडे जाताना ज्या खाचा पाडलेल्या छोट्या पट्टीवरून जातात, ती पट्टी म्हणजे नट. सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारींची रुंदी साधारणपणे ४१ ते ४३ मिमी असते, आणि बारा तारांच्या अकूस्टिक गिटारींत ४७.६ मिमी, म्हणजे पावणेदोन इंचांवर आणखी एक अष्टमांश इंच, हे माप बरेच रुळलेले आहे. बारा तारांची इलेक्ट्रिक या दोहोंच्या मध्ये कुठेही सापडू शकते.

अरुंद टोकाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रिकनबॅकर ३६०/१२. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्क इथे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती या जातीची एक गिटार आली आणि बारा तारांच्या इलेक्ट्रिक नादाचे जगभर वेड लागले. तिची नेक नटपाशी सुमारे ४१ मिमी, म्हणजे सहा तारांच्या कित्येक गिटारींएवढीच. अशा नेकवर बारा तारा म्हणजे बोटाला जागा कमी, ही तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि त्याच कंपनीच्या नंतरच्या ६६०/१२ची नेक सुमारे ४५ मिमी आहे. तरीही अरुंद नेकवर अप्रतिम वाजवणारे लोक साठ वर्षे होत आले आहेत, हेही विसरू नये. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांना ४७ मिमीच्या नेकवर अंगठा मागे नेऊन बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायचा कॉर्ड) धरणे, अरुंद नेकवर बोटे दाटीने बसवण्यापेक्षा जड जाते.

पहिली पायरी: कागदावर तारांचा ठसा घ्यावा

मोजायला महागडी साधने लागत नाहीत. साधा पातळ कागद, मऊ पेन्सिल आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी पुरे. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की अशोकस्तंभ उमटत असे, तीच युक्ती इथे करायची. नटला अगदी लागून, तारांवर कागद आडवा ताणून धरावा आणि पेन्सिलचे शिसे आडवे करून हलकेच घासावे. बारा काळ्या रेघा उमटतात. त्याच कागदावर नेकच्या दोन्ही कडांच्या खुणाही कराव्यात. दुसऱ्या कागदावर असाच ठसा ब्रिजपाशी, म्हणजे तारांचे दुसरे टोक जिथे टेकते तिथे, घ्यावा. जुनी गिटार घ्यायला म्हापशाला किंवा मडगावला कोणाच्या घरी गेलात तरी एवढे काम पाच मिनिटांत होते आणि कोणी हरकत घेत नाही.

नटच्या ठशावर आता तीन अंतरे मोजावीत. कडेपासून सगळ्यांत बाहेरच्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर, दोन्ही बाजूंना; एका जोडीतल्या दोन तारांच्या मध्यांमधले अंतर; आणि एका जोडीच्या शेवटच्या तारेपासून पुढच्या जोडीच्या पहिल्या तारेपर्यंतचे अंतर. पहिल्याला मी काठ म्हणतो, दुसऱ्याला जोड आणि तिसऱ्याला वाट. बोट चालते ते वाटेवरून.

दुसरी पायरी: हिशेब

समजा नेक ४३ मिमी आहे. दोन्हीकडे तीन-तीन मिमी काठ सोडला की ३७ मिमी उरतात. सहा जोड्यांना दोन-दोन मिमी जोड दिला की १२ मिमी गेले. राहिलेल्या २५ मिमीच्या पाच वाटा होतात, म्हणून प्रत्येक वाट पाच मिमी. हाच हिशेब ४१.३ मिमीच्या नेकला लावला तर वाट साधारण ४.७ मिमी येते, ४५ मिमीला ५.४ आणि ४७.६ मिमीला ५.९. म्हणजे सर्वांत अरुंद आणि सर्वांत रुंद नेकमध्ये सहा मिमीहून अधिक फरक असला तरी एका वाटेच्या वाट्याला तो जेमतेम सव्वा मिमी येतो. जाहिरातीत मोठा दिसणारा फरक बोटाखाली असा वाटला जातो.

सहा तारांच्या गिटारीशी तुलना केली की आणखी एक गोष्ट उलगडते. ४३ मिमीच्या सहा तारांच्या नेकवर दोन तारांत सुमारे सव्वासात मिमी असतात. त्याच रुंदीच्या बारा तारांच्या नेकवर एका जोडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सात मिमी भरतात. याचा अर्थ बोटे जिथे ठेवायची त्या जागा जवळपास त्याच राहतात, हाताला नवा भूगोल शिकावा लागत नाही. कमी होते ती चुकीला मिळणारी सूट. सहा तारांवर बोट थोडे तिरके पडले तर चालून जाते, बारा तारांवर शेजारची तार लगेच मुकी होते.

तिसरी पायरी: आपले बोट मोजावे

या पायरीकडे सहसा कोणी वळत नाही, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. शिक्क्याचा पॅड घ्यावा, डाव्या हाताची तर्जनी कॉर्ड धरताना जशी उभी ठेवतो तशीच उभी ठेवून टोक पॅडवर टेकवावे आणि मग तार दाबण्याइतका जोर देऊन कागदावर ठसा घ्यावा. हा ठसा बोटाच्या पूर्ण रुंदीपेक्षा बराच लहान येतो. माझ्या तर्जनीचा नऊ मिमी येतो.

आता सी कॉर्ड डोळ्यांसमोर आणावा. तर्जनी बीच्या जोडीवर पहिल्या फ्रेटमध्ये (नट आणि नेकवरची पहिली धातूची आडवी पट्टी यांच्या मधल्या जागेत) आहे आणि शेजारची ईची जोडी मोकळी वाजायला हवी आहे. दोन मिमी जोडावर नऊ मिमीचा ठसा नेमका मध्यावर बसला तर तो दोन्ही बाजूंना साडेतीन मिमी बाहेर जातो. वाट पाच मिमीची असेल तर दीड मिमी शिल्लक राहते, ४.७ मिमीची असेल तर जेमतेम १.२. ही शिल्लक हेच खरे माप. ती दीड मिमीच्या आसपास असेल तर नवशिक्याचे दोन-तीन आठवड्यांत जमून जाते, आणि एक मिमीच्या खाली गेली तर सरावाने जमते खरे, पण बोटाचे टोक अगदी काटकोनात उभे करण्याची सवय लावूनच. ज्यांची बोटे जाड आहेत त्यांचा ठसा अकरा-बारा मिमीचा येतो. अशांनी ४५ मिमीहून अरुंद नेकचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुंद नेक घेऊनही घात कसा होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी मी ४५ मिमी नेकची एक जुनी गिटार घेतली. रुंदीचा आकडा ऐकूनच मी निर्धास्त झालो होतो. तिच्यावर सी कॉर्डमधली ई सतत मुकी पडायची, ए कॉर्ड तर धरवतच नसे, आणि एक अख्खा पावसाळा मी स्वतःच्या बोटांना दोष देत काढला. शेवटी कागदावर ठसा घेतला तेव्हा कळले की आधीच्या कोणीतरी नट बदलताना प्रत्येक जोडीतल्या तारा ३.२ मिमी अंतरावर ठेवल्या होत्या. सहा जोड्यांत १९.२ मिमी खर्ची पडले होते आणि वाटेला चार मिमीही उरले नव्हते. ४१ मिमीच्या नीट कापलेल्या नेकपेक्षाही ही वाट अरुंद होती. शिवाय जोड इतका फाकलेला की दोन्ही तारा बोटाच्या ठशाच्या कडेकडेने जात, तिथे मांस मऊ असल्यामुळे दाब पुरत नसे आणि दोहोंपैकी एक तार खरखरत असे. मडगावच्या एका कारागिराने १.९ मिमी जोड ठेवून हाडाचा नवा नट कापून दिला. वाट साडेपाच मिमीची झाली, नेक तीच, लाकूड तेच, आणि पहिल्याच संध्याकाळी सी कॉर्डच्या सगळ्या तारा वाजल्या.

चौथी पायरी: हातात घेऊन पारखावे

आकडे जुळले तरी गिटार हातात घेऊन तीन कॉर्ड धरून पाहावेत. सीची परीक्षा वर आलीच. दुसरा ए: डी, जी आणि बी या तीन लगतच्या जोड्या एकाच फ्रेटमध्ये दाबायच्या असतात, आणि पाच मिमी वाटेच्या नेकवर या सहा तारा मिळून सोळा मिमीच्या पट्ट्यात मावतात. तेवढ्यात तीन बोटे ओळीत बसत नाहीत. एक तर ती पायऱ्यांसारखी तिरपी लावावीत, किंवा तर्जनी आडवी टाकून तिन्ही जोड्या एकाच बोटाने दाबाव्यात. मी विद्यार्थ्यांना दुसरी रीत आधी शिकवतो. तिसरा एफचा बार कॉर्ड. यात वाटेचा प्रश्न नसतो, जोराचा असतो, कारण जाड तार वर उठून दिसते आणि तिच्या शेजारची सप्तकाची तार खाली राहते, त्यामुळे बोट जाड तारेवर अडते. काही कारागीर म्हणूनच सप्तकाच्या तारेची खाच किंचित उथळ ठेवतात.

याच वेळी काठही तपासावा. बारीक ईच्या जोडीतली बाहेरची तार सातव्या-आठव्या फ्रेटवर दाबून बोट हलवावे. तार फ्रेटच्या टोकावरून खाली घसरत असेल तर काठ कमी आहे. वाट वाढवण्याच्या हव्यासात काठ अडीच मिमीच्या खाली नेणाऱ्यांची हीच फसगत होते, कारण फ्रेटची टोके तासलेली असल्यामुळे प्रत्यक्ष वापरण्याजोगी रुंदी लाकडापेक्षा थोडी कमीच असते.

ब्रिजकडची बाजू

नटपासून ब्रिजकडे जाताना तारा फाकत जातात, आणि हा फाका सरळ रेषेत वाढतो. नटपाशी वाट पाच मिमी आणि ब्रिजपाशी सात मिमी असेल, तर दुसऱ्या फ्रेटवर ती फक्त ५.२ आणि पाचव्या फ्रेटवर साडेपाच मिमी असते, कारण पाचवा फ्रेट तारेच्या लांबीच्या पहिल्या चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून मोकळ्या कॉर्डचे भवितव्य नटवर ठरते, आणि ब्रिजकडचे अंतर मुख्यतः उजव्या हाताच्या कामाचे असते.

उजव्या हाताची मागणी थोडी वेगळी आहे. पिक एका फटक्यात जोडीच्या दोन्ही तारांना लागला पाहिजे, म्हणजे जोड फार फाकलेला नको. आणि जोरात वाजवताना जोडीतल्या तारा एकमेकींवर आदळता कामा नयेत, म्हणजे तो फार आवळलेलाही नको. ब्रिजपाशी अडीच ते तीन मिमी जोड मला योग्य वाटतो. जाड ईच्या जोडीला थोडा अधिक द्यावा, कारण दोन मिमीच्या जोडातून दोन्ही तारांची अर्धी-अर्धी जाडी वजा केली की प्रत्यक्ष फट एक मिमीची उरते, तर बारीक ईच्या जोडीत तीच फट पावणेदोन मिमीची असते. चांगला कारागीर नटवरही सगळे जोड सारखे ठेवत नाही. जाड बाजूला सव्वादोनपर्यंत आणि बारीक बाजूला १.८ पर्यंत असे उतरत नेतो.

ब्रिजचे दोन प्रकार दिसतात. एकात सहाच सॅडल, म्हणजे तारा टेकवण्याचे छोटे ठोकळे, असून प्रत्येकावर दोन खाचा असतात. दुसऱ्यात प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल असते, जसे फेंडर कंपनीने १९६५ मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हमध्ये होते. सहा सॅडलवर जाड तार आणि तिची सप्तकाची तार यांची लांबी वेगवेगळी ठेवता येत नाही, त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर किंचित हलतो. अंतरांच्या दृष्टीने मात्र सहा सॅडलची सोय अशी की खाच नव्याने पाडून जोड हवा तसा बदलता येतो.

नवा नट करून घेताना

वाट कमी पडत असेल तर गिटार बदलण्याआधी नट बदलण्याचा विचार करावा. कारागिराकडे जाताना "थोडे मोकळे करून द्या" असे मोघम सांगू नये. कागदाच्या पट्टीवर नेकच्या कडा आणि बारा तारांच्या जागा मिलिमीटरमध्ये आखून न्याव्यात, सोबत आपण वापरतो त्या तारांचा संच न्यावा. प्रत्येक खाच तिच्या तारेच्या जाडीच्या कानशीने पाडायला हवी, ०.००८ इंचाच्या तारेला रुंद खाच दिली तर ती तार आत डावी-उजवीकडे सरकते आणि आखलेला जोड कागदावरच राहतो. उलट खाच आवळ असेल तर सूर मिळवताना टक्‌ असा आवाज होऊन तार एकदम उडी मारते. तारांचे संच पुढे बदलायचे असतील तर ते आधीच सांगावे.

बारा तारांचा एकूण ताण सहा तारांच्या जवळपास दुप्पट, हलक्या संचातही नव्वद किलोच्या पुढे जातो, म्हणून नट बदलताना सगळ्या तारा एकदम काढून नेक अनेक दिवस सैल ठेवू नये, आणि नव्या तारा चढवल्यावर एक-दोन दिवसांनी नेकचा बाक पुन्हा पाहावा. गोव्यात हा बाक वर्षातून दोनदा पाहिलेला बरा: एकदा जुलैत, हवेतल्या ओलीने लाकूड फुगलेले असताना, आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. थंडीत लाकूड थोडे आकसले की फ्रेटची टोके कडेला बोटांना बोचू लागतात. ती कारागिराकडून घासून घेताना काठ कमी होणार नाही, एवढे त्याला बजावावे. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या साध्या पोलादी तारा खाऱ्या हवेने लवकर गंजतात, आणि गंजलेली तार नटच्या खाचेत अडकून खाच रुंदावते. वाजवून झाल्यावर जोडीच्या खालून सुती कापडाची पट्टी ओढून तारा पुसाव्यात.

नवा नट बसला की पुन्हा पेन्सिलीने ठसा घ्यावा, त्यावर तारीख आणि तारांच्या संचाची जाडी लिहावी आणि तो जुन्या ठशासोबत गिटारीच्या पेटीत ठेवावा. पुढे कधी नट झिजला किंवा तुटला तर दुसऱ्या कोणत्याही गावच्या कारागिराच्या हाती तो कागद देता येतो आणि त्याला आपल्या बोटांचे माप नव्याने शोधावे लागत नाही.